गांधीलमाशी चावली म्हणे

विजयमालाची दाढ ठणकायला लागली ती नेमकी ऊसतोडीची टोळी फडात शिरली त्याच दिवशी. आता दाढेला काय कळतंय म्हणा, फडात कोण आलंय न् कोण गेलंय. पण दुसऱ्या कुठल्या दिवशी दुखती तर बाई घटकाभर आडवी तरी झाली असती. उसाला तुरे येऊन ते वाळायला लागले होते, शेजारचे फड रिकामे होऊन पाचट पेटवून झालं होतं, आणि तिचा नवरा नाथाजी कारखान्याच्या चिटबॉयमागं, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या पोरामागं, फिरून फिरून इतका वैतागला होता, की जेवताना भाकरीशीसुद्धा भांडायचा. तेव्हा कुठं टोळी आली, कोयते चालायला लागले. अशा वेळी घरच्या बाईनं गाल धरून बसायचं म्हणजे काय? टोळीला चहा, प्यायचं पाणी, म्हशींच्या धारा. शिवाय तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाडं, टोळीच्या बैलांचा वाटा जाऊन उरेल ते भारे बांधून डोक्यावरनं गोठ्यात आणायचं. वाडं सुकलं की म्हशी तोंड लावत नाहीत. म्हशींचे नखरे माणसापेक्षा जास्त.

दाढ खालची, उजव्या अंगाची. तिला भोक पडून जमाना झाला होता. भोकात भाकरीचा कण अडकला की विजयमाला तो काडीनं काढायची आणि वर चिमूटभर मिश्री दाबायची. दुखणं बधिर व्हायचं, बाई कामाला लागायची.

हो, विजयमाला मिश्री लावत होती. सांगून टाकलं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट दडवायची कुणापासून? तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, वाटायची, आणि ती पूड बोटानं दातांवर घासत बसायची. तिच्या आईनं तेच केलं, सासूनं तेच केलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक कायमचं काळपट झालं होतं. कुणी विचारलं तर म्हणायची, तव्याची काजळी हाय, निघंना बघा. गावात ठाऊक नव्हतं ते एकाच माणसाला, आणि ते माणूस नेमकं तिच्याच घरात राहत होतं. तिची सून क्रांती. डॉक्टर. आणि डॉक्टर तरी कसली, तर दातांची!

याचं मूळ सगळं नाथाजीच्या तोंडात. नाथाजी मिल्ट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेला गडी. बढाई मारताना छाती आपोआप पुढं यायची. पोराचं, ऋषिराजचं लग्न ठरवायला कऱ्हाडला बैठक बसली, तेव्हा पोरीच्या आईनं साधं विचारलं, "घरात तंबाखू, मिश्री काही?" तर ह्यानं मिशीवर हात फिरवून सांगितलं, "आमच्या घरात मिश्रीचा वास बी न्हाई, विहीणबाई." विजयमाला बायकांच्यात तोंडाला पदर लावून बसली होती. तिनं पदर आणखी वर ओढला. शब्द नवऱ्यानं दिला आणि तोंड मिटून ठेवायची पाळी बायकोवर आली.

लग्न झालं. ऋषिराज शिरवळच्या कंपनीत, रविवारी घरी यायचा. क्रांतीनं पलूसला यष्टी स्टँडाजवळ दवाखाना काढला. सकाळी स्कूटीवर जायची, दिवस मावळता यायची. पोरगी वाईट नव्हती. आल्या आल्या विचारायची, "आत्या, काही करू का?" पण विजयमालाला तिची धास्ती. तिच्यासमोर हसायचं नाही, जांभई द्यायची नाही, बोलायचं ते ओठ न उघडता. सुनेला ती 'तुमी' म्हणायची, आणि नाव न घेता 'डॉक्टर' म्हणायची. "डॉक्टर, च्या घेता न्हवं?" पोरगी रडकुंडीला यायची, "आत्या, मला अगं-तुगं करा ना." हिचं आपलं, "व्हय व्हय, डॉक्टर." मिश्रीची डबी गोठ्यातल्या देवळीत, पेंडीच्या पोत्यामागं गेली. क्रांती उठायच्या आत बाई गोठ्यात जाऊन दात घासून, चूळ भरून, वर तुळशीची पानं चावून मोकळी. आपल्याच घरात चोरी.

आणि वर ते शिबिर. नवरात्राच्या आधी क्रांतीनं शाळेच्या व्हरांड्यात दात तपासायचं शिबिर घेतलं. सांगलीहून तिचे शिकवणारे सर आले, कऱ्हाडहून तिची आई आली. विजयमालाला सरपंचाशेजारी खुर्ची. शाल, नारळ. समोर बसकुरावर गावच्या बायका. क्रांतीनं माईक धरला आणि दाढ दुखली तर डॉक्टरकडे येईपर्यंत घरी काय करायचं, काय नाही, ते फोड करून सांगितलं. आणि सांगता सांगता म्हणाली, "माझ्या सासूबाईंचंच बघा. इतकी वर्षं संसार केला, पण मिश्रीला कधी बोट लावलं नाही."

पदरामागं एकच खोकला उठला. म्हातारी येसूबाई तर, जिच्याकडनं विजयमाला गेल्याच आठवड्यात भाजलेली मिश्री घेऊन आली होती, ती तोंडात पदर कोंबून हलायला लागली. विजयमालाला वाटलं, धरणी दुभंगावी. ती मांडीवरच्या नारळाकडं बघत बसली. नारळाला किती डोळे असतात ते तिनं त्या दिवशी नीट बघितलं. मग तपासायची रांग लागली तेव्हा म्हणाली, "आदी समद्यांचं हू द्या," आणि म्हशीचं निमित्त काढून जी सटकली, ती दिवेलागणीलाच परत आली.

तेव्हा आता दाढ ठणकली म्हणून सुनेसमोर तोंड उघडायचं? जीव गेला तरी नाही!

पहिल्या दिवशी तिनं लवंग धरली. लवंगेनं जरा बरं वाटलं, मग उसाच्या बांधावर जाऊन मिश्री दाबली, आणखी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र ठणका कानात चढला. भारा डोक्यावर घेतला की वजन सरळ दाढेत उतरायचं. तिची धाकटी जाऊ अंजना, शेजारच्याच घरात राहणारी, तोंडानं फटकळ पण मनानं मऊ, ती भारा उचलून द्यायला आली तर हिच्या डोळ्यांत पाणी.

"आक्का, काय झालं?"

"काय न्हाई. पाल्याचं कूस गेलं डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत?"

दुपारी अंजनानं तिला गोठ्यात पकडलं. विजयमाला डोकेदुखीची गोळी चुरून बोटानं हिरडीवर दाबत होती.

"आवं आक्का! गोळी गिळायची अस्ती. हिरडीत दाबायची न्हाई, भाजतं, असं म्हणली हुती तुमची सून."

"तुला लय पाठ हाय."

"मी ऐकत हुते. तुमी नारळाकडं बघत बसला हुता."

विजयमालानं गोळी थुंकली. हिरडी पांढरी फटक पडली होती, जिभेला सालपट लागत होतं. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"चला की क्रांतीकडं," अंजना म्हणाली. "घरचीच डॉक्टर. बाहेरनं लोकं येत्यात तिच्याकडं."

"न्हाई."

"मी सांगू का तिला?"

"सांगितलंस तर तुझ्या दारात पाय ठेवायची न्हाई मी, अंजना. भैरुबाची आण हाय."

मग काय करणार अंजना? गरम मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा म्हणाली, ते विजयमालानं केलं. त्यानं खरंच थोडा उतार पडला. तिथंच थांबती तर बरं होतं. पण जरा उतार पडला की माणसाला वाटतं, आणखी काही केलं की पार बरं होईल. म्हशींचं पाणी तापवायची चूल गोठ्याबाहेर होतीच. तिनं तव्यावर खडेमीठ तापवलं, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं आणि गालावर शेक घेत बसली. अंजना ओरडली, "शेकू नगा म्हणली हुती! थंड फडकं लावा म्हणली हुती!" थंड फडकं म्हणजे फ्रीजमधला बरफ, फ्रीज सुनेच्या डोळ्यांपुढं. विजयमालानं तिकडं कान दिला नाही. गरमगरम पुरचुंडी गालावर दाबली की क्षणभर इतकं गोड वाटायचं, की ती पुन्हा पुन्हा तवा तापवत राहिली.

सकाळी उठली तर गाल भाकरीसारखा फुगलेला. उजवा डोळा अर्धा मिटलेला. आरशात बघितलं आणि बाईनं पदर ओढून बघितला. एवढं पदरात मावणार नव्हतं.

नाथाजी अंगणात चहा पीत होता. त्यानं बघितलं आणि कप खाली ठेवला. "आगं, त्वांडाला काय झालं?"

विजयमालाच्या तोंडून निघून गेलं, "गांधीलमाशी चावली."

"कुटं?"

"उसात. वाडं गोळा करताना."

नाथाजीला हे लगेच पटलं. त्यानं घरात जाऊन चुन्याची डबी आणली आणि दोन बोटं चुना तिच्या गालावर थापला. "मिल्ट्रीत असताना आमच्या एका गड्याला चावली हुती, ह्याच्या दुप्पट सुजलं हुतं," असंही सांगितलं. तेवढ्यात क्रांती स्कूटीची चावी घेऊन बाहेर आली.

"आत्या? हे काय?"

"गांधीलमाशी," नाथाजीनंच सांगितलं.

क्रांती जवळ आली. चुन्याच्या कडेनं तिनं हळूच बोट लावलं. विजयमाला मागं सरली. "तोंड उघडा बघू जरा."

"बाहेरनं चावलीया," विजयमाला दात न उघडता म्हणाली. "आत काय बघायचंय, डॉक्टर?"

नाथाजी हसला. क्रांती हसली नाही. ती आत्यांच्या गालाकडं बघत होती. मग तिची नजर खाली त्या काळपट बोटावर गेली, आणि तिथनं सासऱ्याकडं गेली. "संध्याकाळी बघू या," एवढंच म्हणाली आणि स्कूटी काढून गेली. विजयमालाला वाटलं, सुटले!

संध्याकाळी क्रांती आली तेव्हा विजयमाला गोठ्यात होती आणि गोठ्यातच राहिली. धारा झाल्या, शेण झालं, तरी तिथंच. क्रांती गोठ्याच्या दारापर्यंत आली, "आत्या" म्हणून हाक मारली. आतनं "व्हय, येते" आलं. कोणी आलं नाही. क्रांती थोडा वेळ थांबली आणि वर आपल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी फडातलं शेवटचं क्षेत्र राहिलं होतं. टोळीचा मुकादम म्हणाला, आज गाडी भरून मोकळं होतो. विजयमालाच्या अंगात कणकण होती. जबडा धरला होता, तोंडात एका बोटापलीकडं काही जाईना. टोळीतल्या बायकांनी चहा केला, त्यातला कप तिला दिला. तिनं ओठाला लावला तर चहा हनुवटीवरनं थेट लुगड्यावर. एक तरणी पोर फिस्सकन हसली आणि दुसरीनं तिला कोपर मारलं. विजयमालानं कप खाली ठेवला. तहान लागली होती, पण पाण्याचा तांब्याही तिनं कुणाच्या देखत तोंडाला लावला नाही.

मग भारा. अंजनानं एका बाजूनं हात दिला, विजयमालानं डोकं खाली घातलं, भारा वर गेला. दोन पावलं टाकली आणि बाई गुडघ्यावर बसली. भारा पुढं, बाई मागं. सगळं वाडं अंगावर सांडलं. अंजनानं कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"भावजी!" ती अशी ओरडली की टोळीचे कोयते थांबले. "भावजी, फटफटी आणा!"

नाथाजी पळत आला. "गांधीलमाशीचं ईख एवढं चढतं व्हय गं?"

"कुटली गांधीलमाशी!" अंजनाचा बांध फुटला. "दाढ हाय ती! दाढ सडलीया, आन् ह्या बाईनं शेकून शेकून पार गळ्यापातूर आणलीया! मला आण घातली म्हणून मी गप, आता मेली तर भैरुबा काय माज्या घरी यिऊन रडणार हाय?"

नाथाजी बायकोकडं बघत राहिला. "मग सूनबाईकडं का गेली न्हाईस?"

विजयमालानं मान हलवली. दातांच्या फटीतनं कसंबसं बोलली, "वाईला न्या. माज्या भावाकडं."

"वाईला? आगं, वाई कुटं आन् पलूस कुटं! घरात डॉक्टर असताना?"

"तुमीच..." तिला एक एक शब्द ओढून काढावा लागत होता. "तुमीच म्हनला हुता. वास बी न्हाई."

नाथाजीची मिशी खाली आली. तीस वर्षं ह्या बाईशेजारी झोपलेला माणूस, त्याला काय मिश्रीचा वास ठाऊक नव्हता? त्यानं टोपी काढली, परत घातली. टोळी सगळी बघत होती. "चल," म्हणाला. "बस फटफटीवर. अंजना, तूबी बस मागं. पडंल ती."

तिघं फटफटीवर. पुढं नाथाजी, मागं अंजना, मधी विजयमाला, गालावर चुन्याची पापुद्रं, केसांत उसाचा पाला. रस्त्याला भेटेल तो विचारणार, "काय झालं, हवालदार?" आणि नाथाजी सवयीनं ओरडणार, "गांधीलमाशी!" तिसऱ्या माणसाला तसं सांगितल्यावर अंजनानं मागनं त्याच्या पाठीत बोट खुपसलं, तेव्हा गप्प झाला.

दवाखान्यात बाकड्यावर माणसं बसली होती. आणि बाकड्याच्या टोकाला कोण, तर येसूबाई. शिबिरात तिचे हलणारे दात काढले होते, आता कवळीचं माप द्यायला आली होती.

"आगं बया, इजामाले! त्वांडाचं काय झालं गं?"

दवाखान्यातली मदतनीस माया धावत आली, "अय्या, मॅडमच्या सासूबाई!" असं मोठ्यानं म्हणाली, आणि सगळं बाकडं वळून बघायला लागलं. विजयमालाला परत तो नारळ आठवला. हातात तोही नव्हता.

क्रांती बाहेर आली. एकदाच बघितलं. हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं. "माया, तू बाहेर थांब. दार ओढून घे."

खुर्ची मागं झुकली. बाईचे धुळीनं माखलेले पाय वर आले, ते कुठं लपवावेत तिला कळेना. क्रांतीनं जबड्याखाली बोटं फिरवली, मान चाचपली. "थुंकी गिळून दाखवा. दुखलं तरी गिळा. हं. आता जीभ बाहेर, जमेल तेवढी." मग सांगलीला सरांना फोन लावला. "सर, सूज मानेत उतरली नाहीये अजून. गिळता येतंय, श्वास नीट आहे. तोंड एक बोट उघडतंय. ताप आहे. घरी शेकलंय." आणि जरा थांबून म्हणाली, "हो सर. घरचंच पेशंट आहे."

विजयमालाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आत्या, आज पू काढून टाकते. मोठं औषध सुरू करू. दाढ नंतर, सूज उतरल्यावर. पण हे गळ्यात गेलं असतं ना, तर सांगलीला ॲडमिट करावं लागलं असतं. जीवावरचं असतं हे." तिनं तोंडाला मास्क लावला, हातमोजे घातले आणि डोक्यावरचा दिवा ओढला. "उघडा."

विजयमालानं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतनं पाणी कानात ओघळलं. एवढ्या वर्षांत नवऱ्याला सुद्धा जे उजेडात दाखवलं नाही, ते आता दिव्याखाली उघडायचं, आणि ते ह्या पोरीला, जिनं माईकवर तिचं नाव घेतलं होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली. "दिवा बंद करा की."

"दिवा बंद केला तर दिसेल कसं?"

"दिसू ने म्हणूनच."

क्रांती थांबली. दिव्यावरचा हात तिनं काढला नाही, पण दुसरा हात सासूच्या कपाळावर ठेवला. हातमोज्यातला थंडगार हात. तसाच ठेवला. विजयमालानं डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं. जेवढं उघडत होतं तेवढं.

काळ्या दातांच्या कडा, काळ्या हिरड्या, गोळीनं भाजलेलं पांढरं सालपट, आणि मागं ती दाढ. सगळं उजेडात आलं. क्रांतीच्या तोंडून 'अरेरे' सुद्धा निघालं नाही. "सुई टोचते. सूज आहे म्हणून भूल पुरी लागणार नाही. दुखेल. ओरडलात तरी चालेल."

सुई टोचली. ओठ जड झाला, अर्धी जीभ मेली. मग क्रांतीनं आत काहीतरी धारदार नेलं आणि दाबलं.

"आगं ए सटवे! मारतीस का काय मला!"

आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला. विजयमालाला स्वतःचाच आवाज ऐकून धक्का बसला. घाण पाणी तोंडात आलं, क्रांतीनं नळीनं ओढून घेतलं, आणखी दाबलं, आणखी आलं. आणि ठणका, तो दाढेतला, कानातला, डोक्यातला ठणका, पाण्याचा पाट फुटावा तसा वाहून गेला. बाईनं पहिल्यांदा लांब श्वास घेतला. मग बघितलं तर सून मास्कच्या आत हसत होती. खांदे हलत होते. नीट बघितलं तर हसत नव्हती.

"डॉक्टर? चुकलं माजं. त्वांडातनं निघालं."

"चुकलं नाही." क्रांतीनं मास्क खाली ओढला. नाक लाल झालं होतं. "पहिल्यांदा अगं म्हणालात."

विजयमाला छताकडं बघत म्हणाली, "बघितलंस न्हवं आता समदं."

"मला ठाऊक होतं, आत्या. साखरपुड्याला तुम्ही पेढा भरवलात ना, तेव्हाच. बोटाला वास होता."

"मंग..." जीभ नीट वळेना. "मंग माईकवर तसं का बोललीस?"

क्रांतीनं हातमोजे काढले. एक काढला, दुसरा अडकला, तो ओढत बसली. "सर समोर होते. आई आली होती. मला लाज वाटली."

"माजी?"

"हं."

बाहेर एक यष्टी आली, कंडक्टरनं डबल घंटी मारली, गेली.

"आणि काल पण," क्रांती म्हणाली. "गांधीलमाशीच्या डंखाची खूण कुठं दिसेना. दाढ आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, अंगणात मामांसमोर नको. संध्याकाळी गोठ्याच्या दारात आले, तुम्ही बाहेर आला नाहीत, तर मला बरंच वाटलं. दुसऱ्या कुणाची सासू असती तर हाताला धरून खुर्चीवर बसवली असती मी. माझी होती म्हणून वर जाऊन झोपले."

विजयमालाला आधी लागलं. चांगलंच लागलं, दाढेपेक्षा जास्त. आपल्या पोराची बायको आपली लाज धरते, हे तोंडावर ऐकणं सोपं नाही. पण समोर ती पोर अशी उभी होती, हातात एक मोजा धरून, नाक पुसायलासुद्धा विसरलेली. आता कुणी कुणाला बोलायचं? तिनं हात लांब केला आणि काळपट बोटानं सुनेचं मनगट धरलं. ते बोट तिनं या वेळी दुमडून घेतलं नाही.

"भूल उतरेपर्यंत काही खाऊ नका," क्रांती म्हणाली. "गाल चावला जाईल. आणि ती डबी..."

"पेंडीच्या पोत्यामागं हाय. तूच टाक. माज्यानं टाकवायची न्हाई."

दार उघडलं. बाकडं सगळं जागच्या जागी. नाथाजी उभा राहिला. येसूबाई पुढं सरकली. मघाचा ओरडा ऐकल्यापासून तिच्या पोटात प्रश्न मावत नव्हता.

"काय गं इजामाले? हवालदार म्हनत्यात गांधीलमाशी. खरं का?"

विजयमाला थांबली. हो म्हटलं असतं तर संपलं होतं. नाथाजी हो म्हणायला तयारच होता. तिनं मान वर केली, पदर बाजूला केला आणि मोठा धीर करून, सगळ्यांच्या देखत सांगितलं, "न्हाई. मिश्री."

पण ओठ मेलेला, जीभ अर्धी मेलेली. निघालं ते, "आई. इच्छी."

"इच्चू?" येसूबाईनं छातीला हात लावला. "आगं बया! त्वांडाला इच्चू चावला? कुटं, उसात?"

"आई, आई! इच्छी!" विजयमाला जीव तोडून म्हणाली. हनुवटीवरनं लाळ गळाली. बाकड्यावर कुजबूज सुरू झाली, विंचू, विंचू. जन्मात एकदा खरं बोलायला गेली, आणि तेही कुणाला कळेना. नाथाजीनं खाली बघत चपलेच्या अंगठ्यात पाय नीट केला. "चला," पुटपुटला, "इच्चूच समजा."

विजयमालानं सुनेकडं बघितलं. सगळं बाकडं सुनेकडं बघायला लागलं. डॉक्टरच सांगेल, काय ते.

क्रांतीनं आपल्या ओढणीच्या टोकानं सासूची हनुवटी पुसली.

"विंचू नाही, येसूआज्जी. मिश्री म्हणतायत," ती म्हणाली. "माझी सासू मिश्री लावते. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. शिबिरात मी माईकवर खोटं बोलले."

माईक नव्हता, तरी आवाज त्या दिवसापेक्षा मोठा आला. येसूबाई खोकली नाही. तिनं आपलंच काळं बोट मुठीत घेतलं.

"अळू ओल की, अटवे," विजयमाला म्हणाली, आणि एवढं मात्र सगळ्यांना कळलं.